एक झाड, चौदा पाट्या

मी, खाली सही करणारा, वय ४७ वर्षे, धंदा सरकारी नोकरी (शेती खात्यात फळबाग पाहणी, सध्या निलंबित), राहणार खात्याची वसाहत, खोली नंबर ७, आज सकाळी सव्वाअकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगतो की,

शेतकऱ्याने फळझाडे लावली की त्याला सरकारी अनुदान मिळते. त्याआधी झाडे खरोखर लावली आहेत का, हे शेतात जाऊन पाहणे व फोटो काढणे हे माझे काम. फोटोत शेतकरी झाडाशेजारी हातात पाटी धरून उभा असतो. पाटीवर खडूने त्याचे नाव व जमिनीचा नंबर असतो.

गेल्या वर्षी ११ ऑगस्टला चौदा शेतांची पाहणी होती. जीप चार वाजता परत निघणार होती. मी चौदाही जणांना सडकेलगतच्या एका बागेत बोलावले आणि एकाच कमरेएवढ्या झाडाशेजारी एकेकाला उभे केले. एक नाव पुसायचे, पुढचे लिहायचे. आमच्याकडे काम असेच उरकतात, मीही उरकत आलो. बागवाल्याचा लंगडा कुत्रा त्या झाडाच्या बुडाशी झोपला होता. तो चौदाही फोटोंत आहे. चौकशी त्याच्यामुळेच लागली. एवढा इमानी साक्षीदार आमच्या खात्यात दुसरा नाही.

चौदावे माझ्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची जमीन टेकडीवर आहे. ते आले तेव्हा हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. पाटी घेताना ते म्हणाले, "अरे, हे माझं झाड नाही. माझी वर आहेत, दोनशे दहा. चल, तासाभरात परत येऊ." मी गुडघा दुखतो असे सांगितले. गुडघा दुखत नव्हता. बूट नवे होते. त्यांनी तीनदा म्हटले. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, की कागद होतोय ना, मग झाडे कशाला दाखवता. त्यानंतर ते पाटी धरून उभे राहिले. फोटोत त्यांचे तोंड टेकडीकडे आहे.

मार्चमध्ये टेकडीवरचे गवत पेटले व गुडघाभर रोपे जळून गेली, असे काका सांगतात. मे महिन्यात फेरतपासणीचे पथक आले. बाकी तेरा जणांपैकी ज्यांनी काहीच लावले नव्हते, त्यांनी कुणकुण लागताच रोपे आणून खोचली होती. पथकाला ती दिसली. काकांच्या जमिनीत नुसते खड्डे दिसले. खड्डे कोणीही खणतो, असा शेरा पडला आणि फसवणुकीचा गुन्हा एकट्या काकांवर दाखल झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोर माझ्या हातचा आहे.

काल संध्याकाळी मावशी घरी आली. पाणीसुद्धा घेतले नाही. म्हणाली, "त्या दिवशी झाडं पाहिली होती, एवढं सांग. तेरा जणांसाठी खोटं लिहिलंस, आमच्यासाठी खरं बोलायला तुझं काय जातं?"

मी तसे सांगायचे ठरवूनच आज आलो होतो. परंतु रोपांना आधार कशाचा होता, वर जायची वाट कोणत्या बाजूने आहे, असे हवालदारांनी विचारल्यावर मला एकाचेही उत्तर देता आले नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मी तो दुरूनही नीट पाहिलेला नाही.

झाडे होती, अशी माझी खात्री आहे. पण खात्री म्हणजे साक्ष नव्हे, हे मला आज कळले. मला नक्की माहीत आहे ते एवढेच, की काकांनी मला तीनदा वर बोलावले. बाकी तेरा जणांपैकी एकानेही आपल्या शेतात चला म्हटले नाही. तास काय, दोन तास गेले असते तरी चालले असते. मला फार वाईट वाटते.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. 'मी टेकडीवर गेलो नाही' हे त्यात स्पष्ट लिहिलेले नव्हते, ते मी सांगून घालून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.