जुळा दात

घानातल्या कुमासी शहरात, दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर म्हाताऱ्या अफ्रियी नातीला घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाईने विचारलं,

“मावशी, पोरीचा दात काढायचाय?”

“नाही गं. पुढचे दोन दात एकमेकांना चिकटून आलेत. तिच्या बापाचे, माझ्या ओफोरीचेही अस्सेच होते.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, असतात एखाद्याचे. काही बिघडत नाही.”

“मग तोंड का उतरलंय तुमचं?”

“पोरं चिडवायची म्हणून मीच ओफोरीला बजावलं होतं, चारचौघांत तोंड मिटून हसायचं.”

“आईच्या जिवाला वाटतंच हो तसं.”

“गेल्या महिन्यात तो गेला. अंत्यविधीच्या फलकासाठी हसरा फोटो शोधला, एकही सापडला नाही.”

“एकही नाही?”

“गुणी होता गं. जन्मभर माझं ऐकलं त्याने.”