बुडाले नाही, बुडवले

जबाब देणार: तनुजा दत्ताराम तांडेल, वय ४६ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, दुकान गुलमंडी, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, "आपला जहाज कधी बुडूक नाय," असे माझे आजोबा म्हणत असत. ते मूळचे मालवणचे. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या 'मेरिडिया' या तीन धुराड्यांच्या प्रवासी जहाजावर ते आगवाला होते, म्हणजे अगदी तळाशी भट्टीत कोळसा टाकत. ते जहाज पुढे भंगारात निघाले. बुडाले नाही.

माझे वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी ते जहाज कधी पाहिले नाही. आजोबांनी सांगितले त्यावरून त्यांनी सागवानी लाकडात साडेतीन फुटांचे 'मेरिडिया' घडवले. गोल खिडक्यांना माझ्या दुकानातली बटणे आहेत. डाव्या बाजूची एक फळी काढली की आत भट्टी दिसते आणि फावडे घेतलेला माणूस दिसतो. इथे समुद्र नाही, म्हणून नारळी पौर्णिमेला आम्ही जहाजापुढे परातीत पाणी ठेवतो आणि त्यात नारळ सोडतो.

यंदा आमच्या गल्लीतील गणेश मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव वाघचौरे देखाव्यासाठी जहाज मागायला घरी आले. वडिलांनी ते स्वतः पुसून दिले. "फळी सांभाळा," एवढेच म्हणाले. सर्जेराव म्हणाले, "काका, तुमचं जहाज ते आमचं जहाज. चिंताच सोडा."

अनंत चतुर्दशीला मी दुकानात असताना मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. मंडळाच्या लोकांनी छोटी मूर्ती जहाजावर बसवली आणि जहाज विसर्जनाच्या विहिरीत सोडले. आत बल्ब लावण्यासाठी फळी काढलेली होती. पाणी आधी भट्टीच्या खोलीत शिरले. लोक टाळ्या वाजवत होते. व्हिडिओ मी शेवटपर्यंत एकदाच पाहिला आहे.

मी सर्जेरावांकडे गेले. ते म्हणाले, "अहो ताई, जहाज पाण्यातच सोडतेत ना? का मोंढ्याच्या बाजारात चालवायचं? लई भारी दिसलं बघा." मी विचारले, कुणाला विचारून सोडले? "देवाच्या कामी आलं, व्हय का नाय? नशीब समजा. पुढल्या साली नवीन घेऊन देऊ, रिमोटचं." सोबतचे लोक हसले. देवाबद्दल माझी तक्रार नाही. देवाने जहाज मागितले नव्हते.

हा जबाब घेताना अंमलदार साहेबांनी प्रथम "खेळण्यातील जहाज विहिरीत बुडाले" असे लिहिले. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "मॅडम, बुडाले काय, बुडवले काय, एकच की." एकच नाही. बुडाले म्हटले की दोष जहाजावर येतो. आणि ते खेळणे नव्हते. आमच्या घरात त्याच्याशी कोणी खेळलेले नाही. दोन्ही शब्द माझ्यासमोर खोडले आहेत.

वडील अंथरुणावर आहेत. मंडप अजून उतरवला नाही, असे मी त्यांना सांगितले आहे. काल त्यांनी विचारले, "फळी लावलीय ना?" मी हो म्हटले.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, 'बुडवले' या शब्दासह. सही करण्याआधी एवढे आणखी लिहून घ्यावे: विहिरीत माणूस उतरवून जहाज वर काढावे. विसर्जन झालेले वर काढत नाहीत, हे मला माहीत आहे. अंमलदार साहेबांनी आत्ताच नकारार्थी मान हलवली आहे. जहाज नाही निघाले तर निदान तो फावडेवाला माणूस तरी काढावा.