निघून जाणारा माणूस

तो: मग हा चिखल कुठला?

ती: कसला चिखल?

तो: ट्रायपॉडच्या पायांना लागलाय तो. मी ट्रेनिंगला गेलो तेव्हा पुसून कपाटात उभा केला होता. काल रात्री परत आलो, आज कपाट उघडतो तर हे साहेब चिखलात लोळून आलेले.

ती: चहा घे, गार होतोय.

तो: विषय बदलू नकोस.

ती: अरे, शेजारच्यांच्या मुलाची फुटबॉलची मॅच होती. त्याच्या आईने फारच गळ घातली. मैदान ओलं होतं. झालं समाधान?

तो: मॅच. बरं. मॅचला ट्रायपॉडचा मधला दांडा कशाला काढलास? तिन्ही पाय फाकवून कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणायचा असेल तरच तू तो काढतेस. मॅच काय पालथी पडून बघितलीस?

ती: लहान मुलं आहेत. त्यांच्या उंचीवरून फोटो चांगले येतात. तूच सांगत असतोस ना, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला हवा म्हणून.

तो: पक्ष्यांच्या डोळ्यांच्या! शेजारचं पोरगं माझ्या खांद्याला लागतं.

ती: तुला भूक लागलीय. उपाशीपोटी तू असाच भांडतोस.

तो: आणि लेन्स? प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळून ठेवलीय. पिशवीवर बाहेरून दव. म्हणजे थंडीतून आत्ताच घरात आणलीय, आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून पिशवीतच गरम व्हायला ठेवलीय. आत्ताच! मॅच आज पहाटे होती का? मी घोरत होतो तेव्हा?

ती: पोलिसात का नाही गेलास रे तू?

तो: सेटिंग बघितली मी.

ती: माझ्या कॅमेऱ्याला हात लावलास?

तो: फोटो नाही बघितले. कार्ड काढून ठेवलंयस, ते कशाला काढलंस तेही मला कळतं. पण सेटिंग तशीच राहिली बाईसाहेब. शटर सायलेंटवर. स्पीड अडीचशे. अडीचशेवर धावणारी पोरं नुसती भुतं दिसतील. आणि एक्स्पोजर दीड स्टॉप खाली. पोरांना काळंठिक्कर करायचं होतं का?

ती: ढगाळ होतं.

तो: ढगाळ असलं की वर नेतात, खाली नाही. खाली कधी नेतात? पक्षी अंधाऱ्या गवतात बसलेला असेल, आणि त्याच्या अंगावर एक पांढरा पट्टा असेल, तो पट्टा पार जळून जाऊ नये म्हणून. आणि पक्षी हलत नसेल तरच अडीचशे पुरतो. बसलेला. तासन्‌तास बसलेला. रंगीत पाणलावा. हो ना? परत आलाय?

ती: काहीतरीच.

तो: तुझे कान लाल झालेत.

ती: चहा गरम होता.

तो: आत्ता तर म्हणालीस गार होतोय! हे बघ, मला एक गोष्ट सांग. लॅबमध्ये फोन केला होता मी परवा. तू मला म्हणालीस सकाळची ड्यूटी आहे. तुमची रिसेप्शनवाली म्हणते, मॅडम या महिन्यात दुपारच्या आहेत. मी कपाळाला हात लावला. एवढ्या वर्षांत तू मला ड्यूटीबद्दल खोटं सांगितलं नव्हतंस.

ती: पाळत ठेवतोस माझ्यावर?

तो: आता ठेवीन म्हणतो. माळ्यावरचा हाइड पण नाहीये.

ती: कुठला हाइड?

तो: कुठला काय, आपला! लपून फोटो काढायचा हिरवा तंबू. दोघांनी मिळून शिवलेला. आणि हाइडमध्ये तू एकटी जाऊच शकत नाहीस. तुला आत शिरताना बघितलं की पक्षी परत फिरकत नाही. दोघांनी आत जायचं आणि एकाने त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर पडून लांब निघून जायचं. त्याला मोजता येत नाही, म्हणून त्याला वाटतं, गेली माणसं, आणि येऊन बसतो. इतकी वर्षं ते निघून जाणारं माणूस मी होतो. मग आता कोण आहे?

ती: कोणी नाही.

तो: दारामागे माझे गमबूट ओले आहेत. तुझे ओले असते तर मी तोंडातून ब्र काढला नसता. माझे! माझ्या मापाचा कोणीतरी पुरुष माझे बूट घालून माझ्या बायकोबरोबर पहाटे हाइडमध्ये शिरतो आणि निघून जातो. का जातच नाही?

ती: शी! काय बोलतोयस, कळतंय का तुला?

तो: नाही कळत! म्हणून तर विचारतोय. कोण आहे तो? आपल्या फोटो-क्लबातला आहे? तो दाढीवाला खजिनदार?

ती: हळू बोल. आप्पा झोपलेत आत.

तो: आप्पांना काय, उठले तरी दुपारपर्यंत विसरतील. तू नाव सांग.

ती: अरे वेड्या, तुझ्या मापाचा पाय या घरात आणखी कुणाचा आहे? बस आता. डोकं धरून बसू नकोस, नीट बस.

तो: आप्पा?

ती: हो.

तो: माझे वडील?

ती: माझे सासरे. तेच ते.

तो: तू त्यांना... दलदलीत? त्या माणसाला स्वतःच्या खोलीतून बाथरूम सापडत नाही कधी कधी! मला ओळखतात तर ओळखतात, नाहीतर नाही. आणि तू त्यांना सांगतेस, जा, एकटे चालत जा? लाज नाही वाटली?

ती: ओरडून झालं की सांग.

तो: पाय घसरला असता म्हणजे? भलतीकडे वळले असते म्हणजे?

ती: हाइडपासून सरळ बांध आहे. रुंद. सगळा जन्म जमीन मोजण्यात गेला त्यांचा. बांधावरून नाकासमोर चालायचं म्हटलं की असे चालतात, तू आणि मी नाही चालणार तसे. बांध संपतो तिथे पायरी आहे, तिच्यावर बसतात. डोक्यात लाल टोपी घालते मी त्यांच्या. लेन्समधून पक्ष्याकडे कमी आणि त्या टोपीकडे जास्त बघत असते.

तो: पायरी कसली? पंपघराची?

ती: बघ! जागेचा सुगावा लागताच कसे कान टवकारलेस. वडिलांची काळजी दोन मिनिटं टिकली.

तो: काळजीच करतोय!

ती: एकदा बसले नाहीत ते. पुढे चालत राहिले. मी सगळं टाकून धावत सुटले, पक्षी उडाला, कॅमेरा तिथेच. त्यांना गाठलं तर म्हणतात, काय झालं सूनबाई, अशी धापा का टाकतेस? रडले मी तिथेच बसून. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी ठेवली गळ्यात. वाजवली की थांबतात. तुला राग यायचा तर येऊ दे, मला माहितीये मी जोखीम घेतली.

तो: पण का? मी नव्हतो? पंधरा दिवस थांबता आलं नसतं?

ती: तुझ्यासाठी थांबायचं?

तो: म्हणजे?

ती: मी तू जाण्याची वाट बघत होते रे. तू जायच्या आधीच्या आठवड्यात दिसला मला तो. तुला नाही सांगितलं. घरात तुझ्यासमोर वावरताना जीव नकोसा झाला होता माझा, पण नाही सांगितलं. गेल्या वर्षी काय झालं, आठवतंय?

तो: ते मी नाही केलं. जागेचं गुपित खजिनदाराने फोडलं.

ती: त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. तू वर्षभर त्याच्याशी बोलत नाहीस, आणि तो मला विचारतो, वहिनी, माझं काय चुकलं?

तो: मग कोणी फोडलं?

ती: प्रदर्शनात तुमचे ते क्लबचे डॉक्टर आले माझ्याकडे, हात जोडून. म्हणाले, तुमच्या मिस्टरांमुळे दर्शन झालं हो.

तो: डॉक्टरांना... हो, पण डॉक्टरांना एकट्यालाच. ते म्हणाले, असा फोटो क्लबात कुणालाच जमलेला नाही, कुठे मिळाला, मग मी... शपथ घातली होती मी त्यांना.

ती: त्यांनीही कुणाला तरी एकट्यालाच सांगितलं असेल. शपथ घालून. पुढच्या रविवारी गाड्यांची रांग. फोनवर त्याचा आवाज लावून बसले होते. एकाने खडा मारला, उठून उभा राहावा म्हणून. उभं राहिलेल्याचा फोटो हवा ना! उठला तो, आणि परत आलाच नाही. अंडी कावळ्यांनी माझ्या डोळ्यांसमोर फोडली. तू त्या दिवशी गाडी पार्क करायला जागा शोधत होतास.

तो: वर्षभर माहीत होतं तुला?

ती: हो.

तो: आणि बोलली नाहीस.

ती: काय बोलणार? तू वाईट माणूस असतास तर भांडले असते. तुला कुणी वा म्हटलं की तुझ्या पोटात काही राहत नाही, एवढंच. म्हणून मग आप्पा. ते कुणाला सांगणार नाहीत, कारण घरी पोचेपर्यंत त्यांच्या काही लक्षातच राहत नाही. बरं वाटतं त्यांना तिथे. कुणाच्या तरी कामाला येतायत, असं चालतात.

तो: अंडी आहेत?

ती: नाही सांगणार.

तो: उद्या मी येतो. आप्पांना घरी राहू दे. मी निघून जाईन. फोन घरी ठेवून येईन.

ती: नको.

तो: माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

ती: नाही. सध्या नाही. आणि मला त्याचं वाईट वाटतंय, पण नाही. पिल्लं बाहेर पडून गवतात पसार होईपर्यंत मला काही विचारायचं नाही. आप्पांनाही विचारायचं नाही. मी आंघोळीला चाललेय, तेवढ्यात ते उठतील. विचारणार नाहीस ना?

तो: नाही विचारणार.

ती: माझ्याकडे बघून सांग.

तो: नाही विचारणार, म्हटलं ना!

(ती आत जाते. नळाचा आवाज सुरू होतो. थोड्या वेळाने आप्पा बाहेरच्या खोलीत येतात.)

तो: या आप्पा. झोप झाली?

आप्पा: झाली, झाली. बसा ना तुम्ही, उभे का?

तो: बसतो. चहा करू तुम्हाला?

आप्पा: सूनबाई करेल. तुम्ही कशाला त्रास घेता?

तो: त्रास कसला. आप्पा, सकाळी कुठे गेला होतात?

आप्पा: मी? कुठे नाही. घरीच होतो.

तो: बूट ओले आहेत.

आप्पा: असतील. बूट आहेत, होतात ओले. तुम्ही त्या फोटोवाल्यांच्या क्लबातले का?

तो: नाही.

आप्पा: खरं सांगा. मघापासून त्या कॅमेऱ्याकडे बघताय.

तो: खरंच नाही, आप्पा. मी घरातलाच आहे.

आप्पा: घरातला म्हणजे? सूनबाईच्या माहेरचे?

तो: ...हो.

आप्पा: मग आधी नाही का सांगायचं! उगाच खोटं बोलायला लावलंत मला. गेलो होतो हो. रोज जातो. ती मला बटण दाबून दाखवते मागाहून, कॅमेऱ्यात. काय पक्षी आहे! डोळ्याभोवती पिवळसर, खांद्यावरून पट्टा. चार अंडी. आणि अंड्यांवर कोण बसतं, सांगा बघू?

तो: कोण?

आप्पा: बाप! आई घालून निघून जाते. बाप बसतो. ऊन वर आलं की उठतो आणि पंख असे जरा बाजूला धरून सावली करतो. मला म्हणाली, आप्पा, बघा. मी म्हटलं, बघतोय गं.

तो: तुमच्या हे सगळं लक्षात आहे?

आप्पा: न राहायला काय झालं? माझं तिथे काम असतं. मी निघून जातो. हसू नका, ते नीट करावं लागतं. मागे वळून बघायचं नाही, घाई करायची नाही. त्याला वाटलं पाहिजे, आता कोणी नाही.

तो: हसत नाहीये मी.

आप्पा: तुम्हाला बघायचाय का? भले दिसता तुम्ही. तिच्या माहेरचे आहात, तुमच्यापासून काय लपवायचं. असे जवळ या, जागा सांगतो. पण एक अट आहे हं.

तो: काय?

आप्पा: माझ्या मुलाला कळता कामा नये. वाईट नाही हो तो. फार मायाळू पोरगं. पण लहानपणापासून तसाच, कुणी जरा पाठ थोपटली की पोटातलं सगळं ओठावर. गेल्या वर्षी सूनबाई रात्रभर रडत होती, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं मला. त्याला ठाऊकसुद्धा नाही. तेव्हा त्याला नाही सांगायचं. कबूल?

तो: कबूल.

आप्पा: मग ऐका. सोपं आहे. मोठा रस्ता संपला की एक जुनी वीटभट्टी लागते, तिथून डावीकडे...

तो: नको, आप्पा.

आप्पा: अहो, सापडेल तुम्हाला. डावीकडे वळलं की...

तो: नका सांगू. थांबा. मला नका सांगू.

आप्पा: का हो? आत्ता तर कबूल म्हणालात. तुम्ही ओळखता की काय माझ्या मुलाला?

तो: ओळखतो. माझ्याकडून त्याला कळेल.