गार इंजिनाचा चढलेला काटा

आणि पुन्हा वर! कालच गॅरेजमधून आणलेली गाडी, नवा थर्मोस्टॅट, नवा सेन्सर, रेडिएटर आतून धुऊन लख्ख, आणि तुम्हाला सांगतो, बाजाराच्या वळणावर दोन खड्डे लागले मात्र, टेंपरेचरचा काटा जो निघाला तो थेट लाल पट्टीत जाऊन बसला! गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, माझ्या लग्नाआधीची. अण्णा हल्ली चालवत नाहीत, शेजारी बसून काट्यावर पाळत ठेवतात. काटा चढला की हुकूम, "बाजूला घे." मग मी बॉनेट उघडणार, अण्णा रेडिएटरवर बाटलीभर पाणी शिंपडणार, दोघं रस्त्याकडेला इंजिनाचं तोंड बघत उभे, मग अण्णा बॉनेट धाडकन आपटणार... आणि काटा खाली! "बघितलंस? पाणी लागतं तिला." लागतं ना, नाही कोण म्हणतंय? पण मग काटा वर का जातो?

गॅरेजवाल्याने ते कपाळावर रोखून ताप बघायचं पिस्तूल असतं ना, तसलंच काहीतरी इंजिनावर रोखलं आणि म्हणाला, "साहेब, इंजिनाला ताप नाहीये, काट्याला आहे." म्हटलं, मग उतरव त्याचा! त्याने सेन्सरची वायर काढली, काटा तळाला. वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, काटा टोकाला. "बघा, काटाही ठीक आहे." म्हणजे इंजिन ठीक, काटा ठीक, सेन्सर कोरा करकरीत... मग बिघडलंय कोण, मी? तर म्हणे, जुनी गाडी आहे, चालायचंच. हे काय उत्तर झालं? उद्या माझं बीपी वाढलं तर डॉक्टर म्हणेल का, जुना माणूस आहे, चालायचंच? ...म्हणतो म्हणा. पण काटा वर का जातो? दाढी करताना तेच, जेवताना तेच, ऑफिसात साहेब झापत होते तेव्हाही मी मान हलवतोय आणि डोक्यात काटा!

शेवटी आमच्या हिने निकाल लावला. रविवारी तिच्या ताईकडे जायचं होतं. "वाटेत एकदा जरी थांबली, तर सोमवारी विकायची. समोरचे घ्यायला तयार आहेत." अण्णा ऐकत होते. उठून बाहेर गेले आणि पुसलेली काच परत पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं हो. त्याच गाडीत त्यांनी मला क्लच सोडायला शिकवलं होतं, आणि मी फाटक पाडलं तरी आईला सांगितलं नव्हतं.

निघालो रविवारी. अण्णा पुढे, ही मागे, दोन सीटच्या मधून मान काढून बसलेली. अर्ध्या वाटेत उखडलेला रस्ता लागला आणि काटा सुरू, वर, वर, वर! मी अण्णांकडे बघितलं, म्हटलं आता हुकूम येणार. तर अण्णांनी काय करावं? डॅशबोर्डवर हात टेकवला आणि तळव्याने नेमका तोच काटा झाकला! वर, "ऊन फार लागतंय रे!" ढगाळ हवा! आणि मागून आवाज आला, "अहो, पेट्रोल कधी भरलंत?"

"नाही भरलं."

"निघताना हा काटा तळाला होता. आता अर्धी टाकी कशी झाली?"

तुम्हाला सांगतो, मी ब्रेक मारला. मीच! अण्णा ओरडतायत, "थांबवू नकोस, थांबवू नकोस!" पण कसलं काय, दोन काटे एकदम चढतात म्हटल्यावर हात राहतात का जागेवर? टाकीत पेट्रोल आपोआप वाढत नाही ना! ही म्हणाली, "दोघांचंही मूळ एकच असणार." आणि आता अण्णांना आठवलं, की डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीएवढी एक डबी आहे, ती दोन्ही काट्यांना मोजूनमापून करंट देते. ही उतरून पुढे आली आणि डॅशबोर्डखाली वाकली. डबीचा स्क्रू सैल! अर्थिंगच नाही! म्हणून खड्डा बसला की दोघांनाही करंट जास्त, आणि बॉनेट आपटलं की डबी परत पत्र्याला टेकायची. म्हणजे आम्ही शिंपडलेलं सगळं पाणी फुकट, खरं औषध ते आपटणं! हिने पर्समधल्या नेलकटरने स्क्रू पिळला आणि काय सांगू, टेंपरेचरचा काटा शहाण्यासारखा मध्यावर.

आणि पेट्रोलचा तळाला.

अहो, संपलेलंच होतं ते! टेंपरेचरवर डोळे लावलेला माणूस पेट्रोलकडे बघणार कधी? आणि बघितलं तेव्हा काटा अर्धी टाकी सांगायचा! गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद. गेलो कॅन घेऊन, चालत, म्हटलं, संपलं, सोमवारी गाडी समोरच्यांच्या दारात. घाम गाळत परत येतो तर ही स्टिअरिंगवर, अण्णा तिला चोक समजावून सांगतायत. "विकायची नाही," ही म्हणाली. "मी दुरुस्त केलीय." अण्णांनी तोंड खिडकीकडे वळवून डोळे पुसले. मलाही भरून आलं.

तेव्हापासून ती चालवते, अण्णा शेजारी, मी मागे. परवा खड्डा लागला म्हणून जरा मान पुढे काढली, तर म्हणाली, "तुम्ही बघू नका. तुम्ही बघितलंत की तो चढतो." आणि अण्णांनी मान डोलावली. माझ्या वडिलांनी! स्क्रू पिळलाय, अर्थिंग लागलंय, सगळं डोळ्यांनी बघितलंय मी... पण खरं सांगू? खड्डा आला की हल्ली मी डोळे मिटून घेतो.