सतरा प्रश्न आणि एक विहीर

...तर तुम्ही म्हणाल, ह्यानं पुन्हा सोडली एक! पण येडाईची शप्पथ घेऊन सांगतो, अक्षर न् अक्षर खरं, म्या ह्या डोळ्यांनी पाहिलं... म्हणजे तेव्हा मी तेरखेड्याला होतो, पण माझी नजर लई लांबची!

लोहाऱ्याचे आबाराव, दूध संस्थेचे सचिव. शहाऐंशीच्या दुष्काळात ह्यांनी दारातली विहीर भर सभेत गावाला देऊन टाकली. टाळ्या काय, हार काय! आणि घरी मालनबाईंनी त्या दिवसापासून जे तोंड बंद केलं ते अकरा महिने! भाकरी वेळेवर, चहा वेळेवर, शब्द न्हाय! बोलायचं ते म्हशीशी. ‘चंद्रे, सांग त्यांना, पीठ संपलंय.’ आणि एक दिवस, ‘चंद्रे, पाडव्याला मी येरमाळ्याला भावाकडं चालले. कायमची.’

आबारावांच्या हातातला भेसळ पकडायचा लॅक्टोमीटर दांडीसकट दुधात गेला!

कुणीतरी सांगितलं, सोलापूरला मनाचा डॉक्टर आहे, नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलतं करतो. दुसरा असता तर एस्टी धरून गेला असता. पण आबाराव सचिव हो! ‘जाऊ की, पण आधी विचारायला नको?’ म्हणाले, आणि बंद पाकिटातून प्रश्न धाडले सतरा! दोघांनी यायचं का आधी एकेकट्यानं? पहिलं कोण बोलणार, त्याला अनुमोदक लागतो का? सुई टोचतात का? किती वेळ, किती खेपा? बायको बोललीच न्हाय तर ती खेप धरतात का? आणि गावाला कळतं का?... अहो, विचारायला नको?

डॉक्टरांचं उत्तर आलं... पोस्टकार्डावर! ‘दोघं या. सुई नाही. पाऊण तास. खेपा तुमच्यावर. सर्व काही गुप्त राहील.’ हे गुप्ततेचं वाक्य पोस्टमन शांतलिंगानं दूध केंद्राच्या रांगेत दोनदा वाचून दाखवलं!

मालनबाई म्हशीला म्हणाल्या, ‘चंद्रे, सांग त्यांना, एस्टीत खिडकीची जागा माझी.’

गेले! डॉक्टर म्हणाले, ‘बोला, कुणाला काय विचारायचंय?’ आबारावांनी अठरावा प्रश्न काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात मालनबाई उसळल्या.

‘डाक्टरसायेब, ना वळख ना पाळख, तुमाला ह्यांनी सतरा सवाल इचारले! माज्या दारातली हीर देताना मला एक इचारायला नको? अकरा म्हैने माज्याच हिरीवर रांगेत हाय मी, घागर घिऊन!’

आबाराव हळूच म्हणाले, ‘मला वाटलं, तू व्हयच म्हणशील.’

‘व्हयच म्हनले असते! म्हनून तर इचारायचं हुतं!’

आणि डोळ्याला पदर. आबारावांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, परत काढली, परत घातली... सचिवाला पहिल्यांदाच ठराव सुचेना! ‘चुकलं माझं,’ म्हणाले एकदाचे. आणि काय सांगू, एका खेपेत मिटलं! परतताना मालनबाई थेट त्यांनाच म्हणाल्या, म्हैस नसताना, ‘उठा, लोहारा आलं.’

...आता असं बघू नका माझ्याकडं. बरं, सांगतो. पोस्टकार्ड खरं, म्हैस खरी, विहीर खरी. एका खेपेत मिटलं, एवढंच माझ्या पदरचं. पाडवा उलटला, मालनबाई घरीच आहेत, पण सोलापूरची आठवी खेप झाली! परवा आबारावांनी भीत भीत विचारलं, ‘आता बंद करायचं का?’

‘इचारलंत, लई बरं केलंत,’ मालनबाई म्हणाल्या. ‘न्हाय.’

काय करता? विचारलं की उत्तरही ऐकावं लागतं!