पुलाचा जुळा आणि ताईंची खुर्ची

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ताई, आणि चहाकडे एक डोळा ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ताईंनी मला बजावलंय, "कौतुक आटोपतं घे." घेतो.

पाहुण्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. नदीवर एक पूल आहे आणि आमच्या खोलीतल्या संगणकात त्याचा डिजिटल जुळा, म्हणजे आकड्यांत उभी केलेली त्याची हुबेहूब प्रतिकृती. पूल किती वाकला, किती थरथरला, हे त्याला लावलेले सेन्सर कळवत राहतात. धडधाकट पूल तेवढ्याच ओझ्याखाली किती वाकायला हवा, ते जुळा सांगतो. दोघांचं पटेनासं झालं की आमची एक लाडकी सवय! जुळ्याचे आकडे जरा इकडेतिकडे करायचे, की स्क्रीन पुन्हा हिरवी. बहुतेक वेळा चूक जुळ्याचीच असते म्हणा.

यंदा पुलाचा मधला गाळा, म्हणजे मधल्या दोन खांबांमधला भाग, जास्त वाकू लागला. आमचे हात सवयीने कीबोर्डकडे गेले, तशा ताई कडाडल्या, "अरे, एक भाऊ खंगला म्हणून दुसऱ्यालाही आजारी पाडणार का? मग दुखणं सांगणार कोण?" आणि त्यांनी पुलावरची अवजड वाहनं बंद करवली.

केवढा गहजब झाला! ताईंचा सख्खा भाऊच ट्रकवाला, लांबच्या रस्त्याने फिरून बेजार झालेला. "बहीण आहेस की वैरीण?" म्हणून जो गेला, तो त्यांच्या घरी फिरकलाच नाही. आज मात्र मागच्या रांगेत बसलाय. दादा, खाली वाकू नका, दिसलात. आलात, फार बरं वाटलं.

आता जरा अवघड बोलतो. गाळ्याखाली उतरून तपासणी अजून झालेली नाही. उद्यापासून ताईंच्या खुर्चीत मी बसणार. अध्यक्ष महोदय, मघाशी जिन्यात आपण प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "बाई चालल्या, आता तो जुळा सारखा करून टाका, ट्रक सोडू." आपला मान राखून सगळ्यांसमोर सांगतो, तपासणी होईपर्यंत मी जुळ्याला हात लावणार नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्या पुलावरून दादाच जाणार आहेत.

ताई, डोळे पुसा, कौतुक आटोपतंच घेतलंय. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, रागवायचं असेल तर उद्या सकाळी या. मी त्याच खुर्चीत असेन.