घर वाढवा

म्हणा मंडळी, रामकृष्ण हरी! — छे, छे, असं पुटपुटून नाही. पोटभर जेवून आलात ना? मग मोठ्यानं! रामकृष्ण हरी! — हं. आता खांबाला टेकून डोळे मिटलेले काकासुद्धा जागे झाले.

आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. सोपा आहे, घाबरू नका. गेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द पाळावा की नाही?

पाळावा! बघा, सगळे एकदम बोललात. जिवंत माणूस घसा फोडून सांगतो तेव्हा आपण ऐकत नाही. पण तो गेला रे गेला, की त्याचा शब्द पाळायला घरदार एका पायावर तयार! बरं, पाळावा. मान्य. मग दुसरा प्रश्न — तो शब्द तुम्हाला कळला होता का? त्या माणसाला जे म्हणायचं होतं तेच तुम्ही ऐकलंत, की तुमच्या मनात आधीपासून जे बसलं होतं तेच ऐकू आलं?

आता ऐका.

विट्याच्या बाहेरच्या अंगाला एक जुनी कॉलनी आहे. रांगेनं घरं, एकाला एक चिकटून. हल्ली रो-हाउस म्हणतात. पुढं वीतभर अंगण, मागं परस, आणि दोन घरांच्या मध्ये भिंत एकच! इकडं खिळा ठोकला की तिकडचं कॅलेंडर पडतं, अशी गोष्ट. त्या रांगेत शेजारी शेजारी दोन घरं होती दोन सख्ख्या भावांची. थोरले गजानन रेळेकर — सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा. धाकटा मधुकर. बाजारपेठेत दोघांचं मिळून कापडाचं दुकान.

घरं बांधायला काढली तेव्हा त्यांची आई गवंड्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "एका पोटची दोन पोरं, आन् मधी सलग भिंत? मला दार पाहिजे." झालं! मधल्या भिंतीत दार ठेवलं. म्हातारी इकडं झोपायची आणि सकाळचा चहा तिकडं प्यायची. एका सुनेच्या हातचं खारट झालं की दुसरीच्या ताटावर बसायची. मंडळी, सासूला दोन स्वयंपाकघरं! सुनांना विचारा हे सुख आहे की संकट. — हसू नका, तुमच्या सासूबाई मागच्या रांगेत बसल्यात.

पण ती म्हातारी गेली, आणि तिथंच माशी शिंकली.

मधुकर माल भरायला सुरतेला गेला होता. इकडं आई बसल्या बसल्या गेली. निरोप धाडला. लोक म्हणाले, नाना, धाकट्याची वाट बघू. नाना म्हणाले, "वैशाखाचं ऊन आहे. देह ठेवता यायचा नाही." चूक म्हणाले का? नाही. पण मधुकर धावतपळत घरी पोचला, तेव्हा आईच्या जागी नुसता दिवा तेवत होता. तो दारातच खाली बसला.

"दादा, आईचं तोंडसुद्धा दाखवलं नाहीस रे मला."

आता अशा वेळी थोरल्यानं काय करावं? उठावं, पोटाशी धरावं, दोघांनी मिळून रडून घ्यावं. संपलं! पण नाना थकले होते. स्वतःच दुःखानं पिचले होते. आणि माणूस दुःखात असला ना मंडळी, की नेमकं जे बोलू नये तेच त्याच्या तोंडून निघतं. नाना म्हणाले, "तू कुठं कधी वेळेवर आलायस?"

शब्दानं शब्द वाढला. तेराव्याचं जेवण उरकलं, आणि नानांनी गवंडी बोलावला. आईनं मागून घेतलेलं दार विटा घालून बंद केलं. वर गिलावा, वर चुना. मधुकर दुकानातून बाहेर पडला, त्यानं स्वतःच्या शिलाईच्या मशिनी टाकल्या. तेव्हापासून भिंतीच्या इकडं एक भाऊ खोकतो, तिकडच्याला ऐकू येतं — पण "काय रे, बरं नाही का?" हे विचारायला तोंड नाही!

बायका मात्र बोलायच्या. नानांची मालन आणि मधुकरची निर्मला. परसातल्या बुटक्या भिंतीवरून इकडची भाजी तिकडं, तिकडची चटणी इकडं. नानांच्या ताटात कितीदा धाकट्या भावजयीच्या हातचं वांगं आलं असेल! नाना चाटूनपुसून खायचे. विचारायचे नाहीत. कळत नव्हतं असं नाही हां! विचारलं तर सोडावं लागेल, म्हणून विचारायचे नाहीत.

दिवस गेले. नानांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. नानांचे गुडघे चालेनात, तेव्हा दुकानही वाढवलं, कायमचं.

इथं जरा थांबा. "वाढवलं" म्हणालो मी. काय केलं दुकानाचं? मोठं केलं? नाही! बंद केलं. आपली भाषा मोठी भिडस्त, मंडळी. अशुभ म्हणून तोंडातून काढायची नाही. बांगडी फुटली म्हणत नाही — वाढली. देवापुढं नारळ फोडत नाही — वाढवतो. आणि दुकानदार संध्याकाळी फळ्या लावताना "बंद करतो" म्हणेल का? जीभ झडेल त्याची! तो म्हणतो, "चला, दुकान वाढवू या." नानांनी सारं आयुष्य हा शब्द रोज उच्चारला. त्यांच्या कानाला "वाढवणं" म्हणजे आवरणं. दुसरा अर्थ त्या कानात शिरायलाच तयार नव्हता.

आणि मालनबाई आजारी पडल्या. आजार बरा होण्यातला नव्हता. एका दुपारी नाना उशाशी बसले होते. बाईंची खाट त्या मधल्या भिंतीलाच लागून. त्यांनी हात उचलला, भिंतीवर ठेवला, आणि नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "अहो... घर वाढवा."

एवढंच. मग बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

नानांनी काय ऐकलं? — बरोबर! आता आवरा. मिटवा हा संसार. माझ्यामागं इथं एकटे कुढत बसू नका. मुलगीही पुण्याहून म्हणतच होती, बाबा, या माझ्याकडं. नानांनी मनाशी ठरवलं, मालनचा शब्द पाळायचा. घर विकायचं.

एजंट आला. हे एजंट लोक मोठे कवी असतात बरं! पाटी रंगवून आणली त्यानं — "विकणे आहे. जुने पण भक्कम रो-हाउस. शांत वस्ती." शांत! अरे, शेजारी सख्खा भाऊ आणि वर्षानुवर्षं अबोला — मग शांतच असणार की वस्ती!

गिऱ्हाईक मिळालं. पलूसकडचं कुटुंब, सज्जन माणसं. घर पसंत पडलं. फक्त त्यांना वर मजला चढवायचा होता. एजंट म्हणाला, "नाना, भिंत सामायिक आहे. शेजाऱ्याची ना-हरकत सही लागेल."

शेजाऱ्याची! त्याला बिचाऱ्याला काय माहीत, शेजारी कोण ते. नाना म्हणाले, "तुम्ही जा. मी आणतो."

एका फाटकातून बाहेर यायचं आणि लगेच शेजारच्या फाटकातून आत जायचं. लेकराला विचारलं तर एका उडीत जाईल. नाना फाटकाला हात लावायचे आणि परत फिरायचे. मोठा डोंगर चढवेल माणसाला, पण रुसलेल्या भावाची पायरी चढवत नाही! शेवटी एका सकाळी छातीवर दगड ठेवून गेले. कडी वाजवली.

दार निर्मलाबाईंनी उघडलं. पदर सावरला. मागं मधुकर. केस पांढरे झालेले, गळ्यात मापाची टेप. एकमेकांचे म्हातारे चेहरे दोघांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितले.

नाना उभ्याउभ्याच म्हणाले, "घर विकतोय. तुझी सही पाहिजे."

मधुकरनं टेप काढून ठेवली. चष्मा शोधायला लागला.

निर्मलाबाईंना राहवलं नाही. "भाऊजी, का विकताय?"

"मालन सांगून गेली."

"काय सांगून गेल्या अक्का?"

"घर वाढवा म्हणाली. तिचा शेवटचा शब्द आहे. तो मोडायचा नाही मला."

निर्मलाबाई दोन पावलं पुढं आल्या. "अहो भाऊजी! अक्का काय दुकानदार होत्या का? घर आवरा असं कशाला म्हणतील त्या? परसात धुणं वाळत घालताना माझ्यापाशी कितीदा बोलल्यात — 'निर्मले, डोळे मिटायच्या आधी मी ह्यांना सांगणार आहे. त्या विटा काढा. पूर्वीसारखं एक घर करा. वाढवा घर!' — अन् तुम्ही ते विकायला काढलंत?"

मंडळी, नानांना तो हात आठवला. मालनचा हात भिंतीवर होता. आणि भिंतीवरही कुठं? जिथं दार होतं, तिथं! त्यांना वाटलं होतं, अशक्तपणानं आधार घेतेय. बायको बोट ठेवून दाखवत होती, आणि हे समोर बसून दुकानाच्या फळ्या लावत होते!

तरी मान ताठच. अहंकार इतक्यात मरतो होय? म्हणाले, "तसं असेलही. पण मी आता त्या लोकांना शब्द दिलाय. मधू, तू सही कर."

मधुकर म्हणाला, "नाही करणार."

"का? सूड घेतोस?"

आता ऐका हं. पेटीवाले बुवा, जरा हात थांबवा. मधुकर भावासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला —

"दादा, आई गेली, तेव्हा तू थांबला नाहीस. वहिनी गेली. तिच्या हातचं खाऊन वाढलोय मी. तिच्या मागून सगळ्यांच्या शेवटी चालत आलो मसणवाट्यापर्यंत. 'मधू, खांदा दे' एवढं तुझ्या तोंडून निघालं नाही. तेही सोसलं. आता तू पुण्याला जाणार. मग एक दिवस तूही जाशील. ते मला कोण सांगणार? रात्री तू खोकतोस तेव्हा मी उठून बसतो. खोकला थांबला की मग झोपतो. उद्या भिंतीपलीकडं कोण खोकेल, आणि मी कुणासाठी जागा राहू?"

नानांचे गुडघे चालत नव्हते म्हणालो ना? धाकट्या भावाच्या उंबऱ्यावर ते बसले ते बसलेच. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जे त्या वैशाखात बोलायला हवं होतं ते आता कुठं ओठांवर आलं. "चुकलो रे मधू."

मधुकर शेजारी येऊन बसला. निर्मलाबाई आत गेल्या. दोघांना रडू दिलं त्यांनी. शहाणी बाई! मध्ये पाण्याचा तांब्यासुद्धा आणला नाही.

पलूसच्या लोकांची नानांनी घरी जाऊन माफी मागितली. चार शब्द ऐकून घेतले. घ्यावेच लागतात, दिलेला शब्द फिरवला तर! भिंतीतल्या विटा निघाल्या. नाना पुढं बरीच वर्षं जगले. गेले तेव्हा डोकं धाकट्याच्या मांडीवर होतं, आणि पहिला खांदा त्याचा होता.

त्या कॉलनीत माझं कीर्तन होतं तेव्हा मी निर्मलाबाईंकडं उतरलो होतो. थकल्यात आता. मला चैन पडेना. मी विचारलं, "बाई, खरं सांगा. मालनबाई परसात खरंच तसं बोलल्या होत्या? की तुम्ही त्या वेळी...?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "बुवा, अक्का मला रोज काही ना काही बोलायच्या. सगळं कुठं आठवतंय? पण भाऊजींनी घर विकून एकटं निघून जावं, असं अक्का कधी म्हणाल्या असत्या का? हे तुम्हीच सांगा."

मी मान खाली घातली आणि पुढ्यातला भात कालवला. ते खरं होतं की खोटं, मला आजवर ठाऊक नाही. खोटं असेल, तर त्या खोट्याच्या पायावर डोकं ठेवायची माझी तयारी आहे. गेलेल्या माणसाचा शब्द दोन प्रकारे ऐकता येतो, मंडळी. एका ऐकण्यानं माणसं तुटतात, एका ऐकण्यानं जुळतात. ती बाई देवाघरी गेली, अर्थ आपल्या हातात ठेवून गेली. मग कुठला अर्थ उचलायचा, हे काय शास्त्र्याला विचारायला जायचं?

आता मला नानांबद्दल बोलायचं नाही. ते सुटले. मला तुमच्याबद्दल बोलायचंय. या मंडपात असा एकही घरवाला नाही, ज्यानं कुठं ना कुठं दार बुजवलेलं नाही. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण. ताई, तुम्ही माहेरी किती दिवाळ्या गेला नाहीत? आणि तुम्ही, दादा — चुलत्याच्या दारावरून जाताना मोबाइल बघत जाता, ते काय गावाला दिसत नाही? प्रत्येकाकडं कारण आहे. नानांकडंही होतं. खरं होतं! वैशाखाचं ऊन खोटं नव्हतं. पण त्या खऱ्या कारणापायी दोन म्हातारे एका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकांचा खोकला ऐकत पडून राहिले.

मला हार घालू नका आज. टाळ्याही नकोत. तबलेवाले बुवा, तबला बाजूला ठेवा. आरतीचं तबक तयार आहे, ते मला दिसतंय, पण आरती थोड्या वेळानं करू. ज्याला कुणाला फोन करायचा असेल, त्यानं बाहेर पायरीवर जाऊन करून यावं. पलीकडून उचलला नाही, तर परत लावावा. सगळे आत येईपर्यंत मी इथंच बसलोय.